तीन ॲप, एकच गाय

प्रश्न : आम्ही चौघं मिळून कोल्हापुरात एक छोटी सॉफ्टवेअर कंपनी चालवतो. एका दूध संघासाठी आम्ही तीन अँड्रॉइड ॲप केली आहेत. पहिलं दूध उत्पादकांसाठी : रोजचं दूध, फॅट, दहा दिवसांचं बिल. दुसरं गावोगावच्या दूध संस्थांच्या सचिवांसाठी, संकलनाच्या नोंदी करायला. तिसरं पशुखाद्याची मागणी नोंदवायला. आधी तिन्हींचे आयकॉन वेगवेगळे होते. ओबडधोबड म्हणा हवं तर. यंदा संघाने एका एजन्सीकडून नवा लोगो करून घेतला आणि त्याच्यासोबत नियमावली आली : तिन्ही आयकॉनना एकच हिरवी पार्श्वभूमी, मधोमध पांढरी गाय, आणि खाली बारीक पट्टीवर ॲपचं नाव. फरक काय तो त्या पट्टीतच. तेव्हापासून सचिवांचे फोन सुरू झालेत की पहाटे संकलनाच्या घाईत भलतंच ॲप उघडतं. कार्यकारी संचालक म्हणतात, "ब्रँड एकच दिसला पाहिजे, होईल लोकांना सवय." मला हे पटत नाही, पण का पटत नाही ते बैठकीत धड सांगता येत नाही. काय करू?
– एक डिझायनर, कोल्हापूर

उत्तर : नमस्कार. तुमच्या सचिवांचं काही चुकत नाहीये आणि सवयीने हे सुटणारही नाही, हे आधीच सांगून टाकते. तरी संचालकांचं म्हणणं उडवून लावू नका. बँकेच्या, वीजबिलाच्या, सरकारी योजनांच्या नावाने खोट्या ॲपच्या फाइली व्हॉट्सॲपवर फिरत असतात आणि त्यात लोकांचे पैसे जातात. उत्पादकाच्या बिलाचा हिशेब ज्या ॲपमध्ये दिसतो, ते आपल्याच संघाचं आहे हे त्याला बघताक्षणी कळलं पाहिजे. एकसारखेपणाची ही गरज खरी आहे. बैठकीत सुरुवात याच मुद्द्यापासून करा.

आता गोंधळ कुठे होतो ते बघू. आयकॉनला दोन प्रश्नांची उत्तरं द्यायची असतात : हे कोणाचं, आणि हे कोणतं? "कोणाचं" हा प्रश्न माणूस ॲप घेताना विचारतो, एकदाच. "कोणतं" हा प्रश्न तुमच्या सचिवाला रोज सकाळ-संध्याकाळ पडतो, समोर किटल्या घेऊन लोक रांगेत उभे असताना. एजन्सीने आयकॉनची जवळजवळ सगळी जागा पहिल्या प्रश्नाला दिली आणि दुसऱ्याला उरली ती तळाची पट्टी. बैठकीत एवढं जरी मांडलंत तरी अर्धं काम होईल.

हा प्रकार मोठमोठ्यांकडूनही झालेला आहे. ६ ऑक्टोबर २०२० रोजी गूगलने जी सूट या आपल्या कार्यालयीन ॲपच्या संचाचं नाव बदलून गूगल वर्कस्पेस केलं आणि जीमेल, कॅलेंडर, ड्राइव्ह, मीट यांचे आयकॉन एका साच्यात बसवले. त्याआधी जीमेल म्हणजे लाल एम असलेलं पांढरं पाकीट, कॅलेंडर म्हणजे ३१ आकडा लिहिलेलं निळं पान, मीट म्हणजे हिरवट कॅमेरा. नव्या संचात सगळ्यांना लाल, निळा, पिवळा, हिरवा हे चारही रंग मिळाले आणि आकृत्या जाड पट्ट्यांच्या, मधून पोकळ झाल्या. मोठ्या पडद्यावर तो संच फार देखणा दिसतो. ब्राउझरच्या वरच्या ओळीत, एकाला एक लागून उघडलेल्या टॅबवर मात्र चारही ठिकाणी तेच रंगीत तुकडे दिसायला लागले आणि लोकांनी जोरदार तक्रारी केल्या.

असं का होतं याचं उत्तर डोळा शोध कसा घेतो यात आहे. ॲन ट्रिझमन आणि गॅरी गेलाड या मानसशास्त्रज्ञांनी १९८० साली यावर एक मांडणी केली, ती आजही आमच्या कामात उपयोगी पडते. शोधायची वस्तू एखाद्या ठळक गुणाने वेगळी असेल, म्हणजे हिरव्यांच्या घोळक्यात एकच लाल, तर ती चटकन उठून दिसते; घोळक्यात दहा वस्तू असोत की तीस, फारसा फरक पडत नाही. पण ओळख पटवायला दोन-तीन गुण जुळवून बघावे लागले, तर डोळा एकेका वस्तूवर थांबत जातो. चार रंग सगळ्यांकडेच असले की रंगावरून काहीच कळत नाही. त्यात ते रंग आकृतीचे तुकडे पाडतात, म्हणून आकार वाचणंही अवघड होतं. गूगलच्याच घरात डॉक्स, शीट्स आणि स्लाइड्स यांना त्या वेळी आपापला रंग ठेवू दिला : निळा, हिरवा, पिवळा. तिघांचा कागद एकसारखा, रंग वेगळा. त्या तिघांत कोणी गडबडल्याचं फारसं ऐकू आलं नाही.

मायक्रोसॉफ्टने २०१८ च्या अखेरीस ऑफिसचे नवे आयकॉन आणले, ते याच्या शेजारी ठेवून बघा. वर्ड निळा, एक्सेल हिरवा, पॉवरपॉइंट नारिंगी. हे रंग वर्षानुवर्षांचे होते, त्यांना हात लावला नाही. अक्षर ठेवलं. अक्षरामागे वर्डला ओळी, एक्सेलला चौकटी, पॉवरपॉइंटला वर्तुळाचा आलेख दिला. सावली, कोपरे आणि अक्षराची चौकट मात्र सगळ्यांना सारखी, त्यामुळे कुटुंब एकच आहे हे लगेच कळतं. यात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते असं की ओळखीच्या तीन खुणा आहेत आणि त्यातली एक निकामी झाली तरी दोन उरतात. लाल-हिरव्यात फरक न दिसणारे पुरुष कमी नाहीत; त्यांच्यापुरती रंगाची खूण गेली तरी अक्षर आणि आकार आहेतच.

आता संचालकांच्या "होईल सवय" कडे येते. ते बहुधा इन्स्टाग्रामचं उदाहरण देतील. मे २०१६ मध्ये इन्स्टाग्रामने तपकिरी, जुन्या वळणाचा कॅमेरा काढून गुलाबी-जांभळ्या-पिवळ्या छटांवर पांढऱ्या रेषेचा कॅमेरा आणला, तेव्हा केवढा आरडाओरडा झाला! आणि खरंच, पुढे तो निवला. पण तिथे लोकांना आयकॉन आवडला नव्हता. सापडायला अडचण नव्हती. कॅमेऱ्याची आकृती कायम होती आणि त्या छटा फोनवर दुसऱ्या कोणाकडे नव्हत्या. न आवडलेल्या गोष्टीची सवय होते. एकमेकांत मिसळणाऱ्या तीन गोष्टींची होत नाही, कारण सवय लागायला डोळ्याला काहीतरी पकडायला हवं असतं. उबरने त्याच वर्षी फेब्रुवारीत आपलं ठसठशीत यू अक्षर टाकून एक अमूर्त भौमितिक आकृती आणली. लोक ॲप शोधत बसले. सप्टेंबर २०१८ मध्ये कंपनीने ती आकृती मागे घेतली आणि आयकॉनवर सरळ आपलं नाव लिहिलं. अडीच वर्षांतही सवय झाली नव्हती, एवढं बैठकीत सांगायला हरकत नाही.

तुमच्या तळाच्या पट्टीबद्दल मला वेगळं बोलायचं आहे, कारण ती रुचीचा प्रश्न म्हणूनही टिकत नाही आणि तांत्रिकदृष्ट्याही टिकत नाही. अँड्रॉइड ८ पासून, म्हणजे २०१७ पासून, आयकॉन १०८ डीपीच्या (डीपी हे पडद्यावरचं माप) चौकोनावर दोन थरांत द्यावा लागतो. फोनचा लाँचर, म्हणजे होम स्क्रीन दाखवणारा भाग, त्यातला मधला ७२ डीपीचा भाग दाखवतो आणि तो कुठल्या आकारात कापायचा हे फोन बनवणारी कंपनी ठरवते : कुठे गोल, कुठे गोलसर चौकोन. कुठल्याही साच्यात कापलं जाणार नाही अशी खात्रीची जागा म्हणजे मधलं ६६ डीपी व्यासाचं वर्तुळ. तुमची पट्टी तळाशी आडवी आहे, म्हणजे तिची दोन्ही टोकं या वर्तुळाबाहेर. गोल आयकॉनच्या फोनवर नेमकी तीच छाटली जाणार. ज्या एका जागेवर तिन्ही ॲपमधला फरक लिहिलाय, तीच जागा अर्ध्या फोनवर तुटकी दिसत असेल. दोन-तीन कंपन्यांचे फोन शेजारी ठेवा, फोटो काढा आणि तो फोटो नियमावलीच्या पानासमोर ठेवा. यावर वाद घालायला जागा उरत नाही.

पट्टीऐवजी मोठं अक्षर घालू का, असा विचार तुमच्या मनात आला असेल. देवनागरी अक्षर आयकॉनवर छान चालतं. फोनपेच्या जांभळ्या गोलातला "पे" सगळ्या देशाला पाठ झालाय. पण "पे" मध्ये एक उभी काठी, एक पोट आणि एक मात्रा, बास. तुमच्याकडे संकलनाचं "सं" आणि सभासदाचं "स" असं काही ठरलं, तर दोन ॲपमधला फरक एका अनुस्वारावर येऊन ठेपेल. धूळ बसलेल्या, तडा गेलेल्या स्क्रीनगार्डमधून तो ठिपका कोणाला दिसणार? जोडाक्षरं तर त्या आकारात गिचमिडच होतात. अक्षर घ्यायचंच असेल तर सुटं, मोकळं आणि बाकीच्या दोघांपेक्षा अंगाने वेगळं घ्या. मला विचाराल तर या कामाला चित्रच बरं.

चित्र म्हटलं की रंग येतो, आणि इथे एक नवीन अडचण आहे. अँड्रॉइड १३ मध्ये, २०२२ साली, वॉलपेपरच्या रंगात रंगणारे आयकॉन सगळ्या ॲपना खुले झाले. ॲपने एकरंगी थर दिला की फोन आपल्या मर्जीचा रंग त्यावर चढवतो. आयफोनवरही २०२४ च्या आयओएस १८ पासून सगळे आयकॉन एका छटेत रंगवता येतात. वापरणाऱ्याने ती सोय चालू केली की तुमचा ब्रँडचा हिरवा गेला, पट्टी गेली, उरली फक्त आकृती. आणि आज तुमच्या तिन्ही ॲपची आकृती एकच गाय आहे. नोटिफिकेशनचंही तेच : तिथल्या बारीक खुणेत मूळ रंग दिसत नाहीत, नुसता छाप दिसतो. बिल जमा झाल्याची सूचना आणि पशुखाद्याची गाडी निघाल्याची सूचना सारख्याच गायीने यायला लागली, तर लोक दोन्हींकडे काणाडोळा करतील.

नुसत्या छापावर ओळख पटवायचा धडा आपल्या देशात फार मोठ्या प्रमाणावर गिरवला गेला आहे. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी होती आणि पेटीवर त्याचं चिन्ह लावलेलं असायचं, कारण बहुतेक मतदारांना नाव वाचता येणार नव्हतं. पुढे पेट्या गेल्या, मतपत्रिका आल्या, यंत्रं आली, पण चिन्ह काळ्या शाईतच छापलं जात राहिलं. म्हणून मुक्त चिन्हांच्या यादीत शिट्टी, छत्री, कपबशी, गॅस सिलिंडर अशा वस्तू सापडतात, ज्यांची बाहेरची रेघच बोलते. आणि दोन चिन्हं एकमेकांसारखी वाटली की किती मोठा वाद होतो, ते तुम्ही आपल्याच राज्यात पाहिलंय. तुमचे आयकॉन आधी काळ्या शाईत काढा, अंगठ्याच्या नखाएवढे. तिथे वेगळे ओळखू आले, की मगच रंगाला हात घाला.

एक गोष्ट मात्र डिझाइनला बसण्याआधीच करायला हवी, आणि माझ्या मते तुमच्या प्रश्नाची खरी किल्ली तीच आहे : कोणाच्या फोनवर कोणती दोन ॲप शेजारी असतात ते बघा. उत्पादकाकडे बहुधा एकच ॲप असणार. त्याच्यापुरता सारखेपणा बिनधोक आहे. सचिवाकडे संकलनाचं आणि पशुखाद्याचं अशी दोन असणार, आणि बरेच सचिव स्वतः दूध घालतात, त्यांच्याकडे तिन्ही. म्हणजे गोंधळ सगळ्या वापरणाऱ्यांत पसरलेला नाही, तो सचिवांच्या फोनवर साठलाय. मग सगळं बदलायची गरजच पडत नाही. उत्पादकांच्या ॲपला संघाची गाय राहू द्या. संघाचा चेहरा सगळ्यात जास्त लोकांना तिथेच दिसतो. संकलनाला किटली द्या, पशुखाद्याला तोंड शिवलेलं पोतं. आता तिघांना बांधून ठेवायला काय? लोगोतल्या गायीची रेघ किती जाड आहे ते मोजा आणि त्याच जाडीची रेघ किटलीला आणि पोत्याला वापरा. लोगोतलं शिंगाचं वळण किटलीच्या कडीला देता येईल का, बघा. तिघांनाही एकच शाई आणि चौकटीत तेवढीच मोकळी जागा. संचालकांना हवा असलेला एकपणा इथे ठेवा.

पार्श्वभूमीबद्दल एक. हिरव्यावर पांढरी आकृती हे व्हॉट्सॲपचं रूप आहे, आणि फोन लावायचा आयकॉनही पुष्कळ मोबाइलवर तसाच असतो. तुमची गाय दोन बलाढ्य शेजाऱ्यांच्या मधे जाऊन बसते. रंग ब्रँडचाच ठेवून उलटा करा : सायीच्या रंगावर गडद हिरवी गाय. बाकीच्या दोघांच्या पार्श्वभूमीचे रंग ठरवण्याआधी काही सचिवांच्या होम स्क्रीनचे फोटो मागवा आणि तिथे कोणता रंग मोकळा आहे ते बघा. पक्षांच्या झेंड्यांचे रंग शक्यतो टाळा. दूध संघाच्या निवडणुका कशा लढवल्या जातात ते कोल्हापूरकरांना मी काय सांगावं. आयकॉनच्या रंगावरून कोणी बैठक तापवू नये एवढंच.

आयकॉनखालच्या नावाकडे कोणी बघत नाही, पण तुमच्या तक्रारीतला बराच भाग तिथूनच येत असेल. तिन्ही ॲपचं नाव संघाच्या नावाने सुरू होत असेल, तर लाँचर ते अर्ध्यात तोडतो आणि तिघांखाली तेच अर्धं नाव आणि तीन टिंबं दिसतात. वेगळा शब्द आधी आणा : "संकलन", "माझं बिल", "पशुखाद्य". संघाचं पूर्ण नाव प्ले स्टोअरच्या पानावर, ॲप उघडतानाच्या पहिल्या पडद्यावर आणि पावतीच्या माथ्यावर ठळक असू द्या. "कोणाचं" या प्रश्नाला तिथे भरपूर जागा आहे. हा बदल तुम्ही कोणाच्या मंजुरीची फार वाट न बघता करू शकता.

बैठकीत तुमचा मुद्दा पडतो त्याचं एक कारण मला दिसतं. एजन्सीच्या सादरीकरणात तीन आयकॉन पांढऱ्या पानावर, वीतभर मोठे, ओळीत मांडलेले असतात. तिथे सारखेपणा सुंदरच दिसतो, आणि तुम्ही त्या सुंदर पानाशी तोंडी भांडायला जाता. तसं करू नका. एका सचिवाचा खराखुरा फोन मागून घ्या, त्याच्या इतर सगळ्या ॲपसकट. संचालकांच्या हातात द्या आणि म्हणा, "साहेब, जरा संकलन उघडता का?" त्यांचं बोट क्षणभर अडखळलं तरी पुरे. जोडीला तक्रारींची वही घेऊन जा. "लॉगिन होत नाही" म्हणून आलेले फोन पुन्हा तपासा. त्यातले काही चुकीच्या ॲपमध्ये सचिवाचा क्रमांक टाकल्यामुळेच आलेले असतील. तो आकडा तुमचा स्वतःचा असेल आणि त्याच्यापुढे इन्स्टाग्राम, गूगल कोणाचीच गरज पडणार नाही.

संचालकांना एक पर्याय असाही देऊन बघा : सचिवाची दोन ॲप एक करा. लॉगिनवरून कळतंच की माणूस सचिव आहे, मग संकलन आणि पशुखाद्य एकाच ठिकाणी दोन बटणांवर का नकोत? काम वाढेल हे मला ठाऊक आहे, आणि चौघांच्या कंपनीला ते लगेच झेपेलच असं नाही. तरी पुढच्या वर्षीच्या करारात हा विषय निघू द्या.

राहिला बदल कसा करायचा हा भाग. लोकांनी यंदा एकदा नवा आयकॉन सोसलाय, म्हणून दुसऱ्यांदा एकदम अंगावर टाकू नका. आधी संकलनाच्या ॲपचाच बदला, कारण दुखणं तिथे आहे. नवी आवृत्ती येण्याच्या आठवडाभर आधी ॲप उघडल्यावर पहिल्याच पडद्यावर जुनं आणि नवं चित्र शेजारी दाखवा : "उद्यापासून हे ॲप असं दिसेल" असलं मोघम लिहू नका, तारीख घाला. आयकॉनची होम स्क्रीनवरची जागा सहसा तीच राहते, त्यामुळे बोटाला वाट ठाऊक असते आणि डोळ्याला फक्त किटली ओळखायची असते. बिलाच्या आदल्या-नंतरच्या दिवशी नवी आवृत्ती सोडू नका. दहा दिवसांच्या हिशेबाच्या मधल्या एखाद्या दिवशी, सकाळचं संकलन आटोपल्यावर सोडा, म्हणजे संध्याकाळपर्यंत फोन घ्यायला तुमच्यापैकी दोघं तरी मोकळे असतील. संकलनाचे फोन थांबले की मग पोत्याचं बघा. गायीची पार्श्वभूमी उलटी करायची घाई मुळीच नाही. ती दिवाळीनंतर केली तरी चालेल.